वधूवर यादीला फ्रिजचं बटण

घराच्या घंटीला आणखी एक बटण जोडायचं, एवढंच भास्कररावांनी ठरवलं होतं. रविवारी दुपारी, चहाच्या आधी उरकण्यासारखं काम. (भास्कररावांची सगळी संकटं चहाच्या आधीच सुरू होत.)

भास्करराव देवासला एका कारखान्यात स्टोअरकीपर. २००३ सालापासून मराठी मंडळाची वधूवर यादी त्यांच्याकडे होती. दोनशे बारा मुलामुलींचे पगार, उंच्या, पत्रिका, सगळं पुढच्या खोलीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये. धारला राहणारी त्यांची मोठी बहीण ताई टेलिफोनच्या तारेवरून ती यादी बघू शके, म्हणून त्याला सर्व्हर म्हणायचं. नुसतं कॉम्प्युटर म्हटलं तर भास्करराव दिवसभर गप्प बसत.

आणि ती यादी फुटत होती! मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव. त्यांच्या मुलीला कडक मंगळ आहे, हे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. चौकातल्या सेववाल्याला मात्र ते माहीत होतं. त्यानं वर धीरही दिला, "हो जायेगा भिया, टेंशन मत लो."

"दसऱ्याच्या आत चोर धरा, भास्करराव," जयसिंगराव म्हणाले. "नाहीतर यादी धारला ताईंकडे."

भास्कररावांचं जेवणच सुटलं. लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवत ते यादीमुळे, वरमाया वाकून नमस्कार करत त्या यादीमुळे. यादी गेली की उरले कोण? नटबोल्ट मोजणारे स्टोअरकीपर! त्यातून ती ताईकडे जाणार. भास्कररावांच्या हातून लहानपणापासून जे जे गेलं ते ताईकडेच गेलं होतं, आणि तिनं ते नीट सांभाळलं होतं.

पासवर्ड फक्त भास्कररावांना आणि ताईला ठाऊक, आणि ताईच्या तोंडून कधी काही फुटत नसे. म्हणजे चोर झाकण उघडून आतली डिस्क काढत असणार! त्यांनी भंगारातून फ्रिजच्या दाराचं बटण आणलं. दार उघडलं की फ्रिजमध्ये दिवा लागतो, तसं सर्व्हरचं झाकण उघडलं की घराची घंटी वाजणार. बटण पहिल्या फटक्यात चाललं. भास्कररावांच्या हातचं काहीही पहिल्या फटक्यात चालत नसे, तेव्हाच त्यांनी सावध व्हायला हवं होतं.

कारण दाराची घंटी आणि चोराची घंटी एकच! दूधवाला आला की भास्करराव अंगाला साबण तसाच ठेवून सर्व्हरकडे धावत. कारखान्यातून दिवसाला तीन फोन.

"घंटी वाजली का?"

"वाजली. पोस्टमन होता," त्यांची बायको देवश्री म्हणे.

"नक्की पोस्टमनच?"

"मग काय चोर मनिऑर्डर देऊन गेला?"

आठवडाभरात पँट सैल झाली. उजाडली खंडेनवमी. देवश्री हत्यारांच्या पूजेला बसली आणि भास्करराव फाटकात जयसिंगरावांना "अजून एक दिवस द्या" म्हणून विनवत उभे राहिले. तेवढ्यात घंटी वाजली. दाराशी कुणीही नव्हतं. घंटी थांबेचना.

"सापडला!" भास्करराव ओरडले. जयसिंगरावांना दंडाला धरून त्यांनी आत ओढलं.

सर्व्हरचं झाकण जमिनीवर. समोर देवश्री, एका हातात स्क्रू काढायचा पेचकस, दुसऱ्या हातात हळदकुंकू.

"तू?" भास्कररावांचा आवाज चिरकला.

"मी नाही तर कोण करणार पूजा?" घंटीच्या वर आवाज चढवून देवश्री म्हणाली. तिचं माहेर धारचं, जुन्या वळणाचं. "आमच्याकडे म्यानातल्या तलवारीची पूजा नाही होत. शस्त्र उघडं करावं लागतं. ते आधी बंद करा हो, डोकं उठलंय!"

भास्कररावांनी झाकण दाबून धरलं. घंटी थांबली. पण जयसिंगराव देवश्रीकडे असे बघत होते की भास्कररावांना पहिल्यांदाच यादीपेक्षा बायकोची काळजी वाटली.

"वहिनी, तुम्ही हे नेहमी उघडता?"

"वर्षातून एकदा. प्रसाद घ्या," म्हणून तिनं पेढा कागदावर ठेवून पुढे केला.

जयसिंगरावांनी पेढा उचलला आणि कागद वाचू लागले. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. कागदावर त्यांच्याच मुलीची पत्रिका होती, मंगळासकट.

"हा कागद कुठला?"

"ह्यांच्या प्रिंटरचा. वाकडं छापलं की हे दुसरा काढतात," देवश्री म्हणाली. "पाठ कोरी असते ना, सेववाल्याला पुड्यांना फार आवडतात. दर रविवारी हे स्वतः नेऊन देतात. तो बदल्यात पावशेर सेव देतो."

भास्करराव खाली बसले. त्यांना खरोखर रडू आलं. वर्षभर ते आवडीनं ती सेव खात होते.

दसऱ्याला सर्व्हर धारच्या बसमध्ये चढला. यापुढे सेववाल्याला एक चिटोराही मिळता कामा नये, म्हणून भास्कररावांनी घरातले उरलेसुरले सगळे कागद सर्व्हरभोवती गच्च गुंडाळले आणि पार्सल कंडक्टरच्या हवाली केलं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"पोचला रे. पण जयसिंगरावांना सांग, मनावर गावचा एक मुलगा आहे, मंगळाचाच. पत्रिका उत्तम जुळते."

"तू इतक्यात शोधलंस?" भास्कररावांनी खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"मी नाही. कंडक्टरनं," ताई म्हणाली. "वर गुंडाळलेले सगळे कागद वाटेत वाचून काढले म्हणे त्यानं. भास्कर, तू इतक्या वर्षांत किती लग्नं जमवलीस रे?"