नोरीनबाईंचं धुराडं आणि पाच हजार वर्षांचा सूर्य

मेलेल्यांच्या सोयीसाठी जिवंतांनी थोडी कळ सोसावी, यातच समाजाची संस्कृती दिसते. (मेल्याला किमान पाच हजार वर्षं झालेली असावीत. कालपरवा गेलेल्यांना ही सवलत नाही.)

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या टेकडीवर राहणाऱ्या नोरीन गिलहूली या म्हाताऱ्या विधवेला ही संस्कृती घरबसल्या लाभली. त्यांच्या मेंढ्या चरायच्या त्या उंचवट्यात अश्मयुगीन थडगं निघालं. डॉ. उलतान टियर्नींच्या पथकानं चार उन्हाळे (म्हणजे पाऊस कोमट असतो ते महिने) ब्रशनं माती झाडली. दगडी बोळ, आत खोली, खोलीत मूठभर जळकी हाडं, आणि दारावर झरोका. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी उगवतं ऊन या झरोक्यातून थेट हाडांवर पडे. अहवालात लिहिलं, 'हे लोक चूल विझणं अभद्र मानत असावेत.'

नोरीनबाईंना ही माणसं आवडली. त्यांचीही चूल लग्न होऊन आल्यापासून विझली नव्हती. रात्री निखारे राखेनं झाकायचे, सकाळी उकरायचे, ही सासूची शिकवण.

मग मोजणी झाली. सूर्य आणि झरोक्याच्या बरोबर मध्ये नोरीनबाईंचं धुराडं आलं.

"आजी, एवढं धुराडं उतरवू," डॉक्टर म्हणाले.

"आणि धूर काय तुझ्या खिशात सोडू?"

"पर्यायी व्यवस्था विचाराधीन आहे."

"अरे, पण डिसेंबरात इथं सूर्य उगवतो तरी का मेला?"

प्रश्न रास्त होता, म्हणून आकडेवारी काढली. वीस वर्षांत त्या सकाळी सूर्य दिसला एकदा. (तोही वादग्रस्त.) म्हणजे सूर्य दुर्मीळ ठरला, आणि दुर्मीळ वस्तूचं संरक्षण तातडीनं करावं लागतं. धुराडं उतरलं. त्या संध्याकाळी नोरीनबाई सवयीनं निखारे झाकायला गेल्या. झाकायला काही नव्हतं. तिथंच बसून त्या रडल्या.

तो दिवस आला. हजारो अर्जांतून सोडतीनं निवडलेले भाग्यवान पाहुणे पहाटेपासून बोळात उभे राहिले. धुकं आलं, पाऊस आला, सूर्य काही आला नाही. शेवटी सगळी वरात कुडकुडत नोरीनबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली.

"आजी, जरा शेकायला मिळेल का हो?" डॉक्टरांचे दात वाजत होते.

नोरीनबाईंनी गार चुलीकडे बोट दाखवलं. "ब्रश आणलायस ना? उकर. सापडला एखादा निखारा तर मलाही सांग."

डॉक्टर खाली वाकले. राख चिमटीत घेऊन त्यांनी विचारलं, "विझली नेमकी कधी?" आणि नमुन्याची पिशवी काढली.

पुढच्या वर्षीच्या सोडतीचे अर्ज सुरू झाले आहेत. नोरीनबाईंसाठी हळहळून झालं असेल, तर वाचकांनी त्वरा करावी, जागा मोजक्याच आहेत. येताना गरम कपडे आणावेत. शेजारी शेकायची सोय नाही.