गलबताचं तिसरं कडवं

तीन खुर्च्या मांडल्या की त्यातली एक मधे येतेच, हे दाजी शिवलकरांना वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मांडवीच्या गणपतीच्या मांडवात उभं असताना कळलं.

त्यांनी खुर्च्या तिरक्या लावून पाहिल्या. मग त्रिकोणात लावल्या, तेव्हा एक खुर्ची पुढे आली. आणि पुढे येणं हे मधे येण्यापेक्षाही वाईट. शेवटी चौथी खुर्ची आणून तिच्यावर नारळांची परडी ठेवली, तर परडीच्या एका बाजूला दोघी आणि दुसऱ्या बाजूला बिचारी एकटी, असं दृश्य तयार झालं. दाजींनी परडी उचलून पोटाशी धरली आणि ते तसेच उभे राहिले.

"दाजीकाका, सत्कार करायचाय की बुद्धिबळ मांडायचंय?" मंडळाचा अध्यक्ष चिराग मघापासून बघत होता.

"तुला नाही कळायचं. ह्या मधल्या जागेपायी एक अख्खा मेळा मोडलाय."

मेळा म्हणजे काय, हे चिरागच्या वयाच्या मुलांना सांगावं लागतं. पूर्वी गणपतीत पोरापोरींचे संच असत. एकसारखे कपडे घालून ते आळीआळीत गाणी म्हणत फिरत. सदुसष्ट-अडुसष्ट सालाकडे मांडवीच्या मेळ्यात तीन मुली गायच्या: गोदा, आनंदी आणि कमळा. तिघी मच्छीमारांच्या घरातल्या, तिघी सोळा-सतरा वर्षांच्या, आणि तिघींचा आवाज असा की समुद्रावरून परतणारी माणसं होडी ओढायची थांबत. त्यांचं एक गलबताचं गाणं होतं. गोदाच्या मामानं रचलेलं, कुठे छापलेलं नाही, कुणी रेकॉर्ड केलेलं नाही. पहिल्या कडव्यात गलबत बंदरातून निघायचं, दुसऱ्यात वादळात सापडायचं, आणि तिसऱ्यात ते परत येत असावं.

'असावं' म्हणायचं कारण असं की दाजींनी तिसरं कडवं कधी ऐकलंच नव्हतं. गाणं त्यांनी ऐकलं ते एकाच रात्री, आठ वर्षांचे असताना, पहिल्या रांगेत बसून. दुसरं कडवं संपलं, कमळानं तिसऱ्यासाठी तोंड उघडलं, मिटलं आणि ती पडद्यामागे पळाली. तिच्यामागून आनंदी पळाली. गोदा एकटी उरली, तिनं पदरात तोंड खुपसलं आणि तिचे खांदे गदगदू लागले. पडदा पडला. त्या तिघी पुन्हा कधी एकत्र गायल्या नाहीत, आणि दाजींचं गलबत तेव्हापासून वादळातच अडकून पडलं.

माणसं निवृत्त झाल्यावर बागकाम करतात. दाजींनी त्या रात्री पडद्यामागे काय झालं याचा शोध घेतला. खरं तर एसटी स्टँडवर गाड्या पुकारायची नोकरी करतानाही ते हेच करत होते. राजापूरची गाडी लागली की जुन्या माणसांना गाठून विचारायचं, "मेळ्यातल्या तिघींचं बिनसलं कशावरून हो?" कुणी म्हणालं, गोदाच्या साडीचा काठ बोटभर रुंद होता. कुणी म्हणालं, पेटीवाला आनंदीकडे बघून हसला. पण सगळं तोलून-मापून दाजी ज्या निर्णयाला आले होते तो असा, की भांडण झालं ते मधे कोणी उभं राहायचं यावरून. प्रत्यक्ष त्या तिघींना विचारायची त्यांची कधी छाती झाली नाही. जखमेवर मीठ कशाला चोळायचं?

आता मात्र मंडळानं ज्येष्ठांचा सत्कार ठरवला होता आणि तिघींनी यायचं कबूल केलं होतं. गोदाबाई मांडवीतच होत्या, कमळाबाई संगमेश्वरहून आणि आनंदीबाई राजापुराहून आल्या होत्या. एकदा, फक्त एकदा, तिघींनी ते कडवं म्हणावं, एवढीच दाजींची इच्छा. त्यासाठी तिघींना स्टेजवर पोहोचेपर्यंत एकमेकींसमोर येऊ द्यायचं नाही, असा त्यांनी चोख बंदोबस्त केला होता. कमळाबाई चिरागच्या घरी, आनंदीबाई दाजींच्या घरी, गोदाबाई स्वतःच्या घरी. फलकावर तिघींची नावं दाजींनी गोलाकार छापून घेतली होती, म्हणजे कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. सकाळपासून लोक मान वाकडी करून 'कमळागोदाआनंदी' वाचत होते आणि ही बाई कोण म्हणून विचारत होते.

दाजींनी खिशातून अंबाडा काढला, मिठाच्या पुडीत बुडवला आणि तोंडात टाकला. गणपतीच्या दिवसांत हे हिरवं आंबट फळ त्यांच्या खिशात असायचंच. जिवाला घोर लागला की हात आपोआप तिकडे जाई.

"पुरे हो ते!" पत्नी गुणवंती मांडवात शिरता शिरता म्हणाल्या. "लहान पोरासारखे चोखत बसता. आधी घरी चला, आनंदीबाई पिशवी भरतायत."

"पिशवी? का?"

"मला काय ठाऊक? सकाळपासून तीनदा विचारलंनी, गोदी आणि कमळी कुठायत. तुम्हीच सांगून ठेवलंत ना, विषय काढायचा नाही? मी तिन्ही वेळा वडी पुढे केली. आता त्या म्हणतात, 'मला वडी नको, खरं सांग. त्यांना माझं तोंड बघायचं नाय काय?'"

दाजी घराकडे धावले, पण वाटेत चिरागचं घर लागत होतं आणि ओट्यावर कमळाबाई चप्पल घालत होत्या.

"ये, ये," त्या म्हणाल्या. "गोदी कुठं हाय रे?"

"त्या येतील. तुम्ही चहा घेतलात?"

"चहा चारदा झाला. आनंदी आली काय?"

"तुम्ही त्यांचं काही मनावर घेऊ नका, कमळाबाई."

कमळाबाईंचा चप्पल घालणारा पाय हवेतच राहिला. "काय मनावर घेऊ नको? काय बोलली ती?"

"छे, छे! काहीच बोलल्या नाहीत."

"काहीच नाय? माझं नावसुद्धा काढलंन नाय?"

नाव काढलं म्हणावं तर काय म्हणून काढलं ते सांगावं लागणार. नाही काढलं म्हणावं तर हे असं. दाजींनी आयुष्यात हजारो प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, पण दोन्ही फलाटांवरून गाडी चुकावी असा हा पहिलाच प्रश्न. "तुम्हाला फोन करून विचारता येईल," असं ते बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

"मी का करू फोन? तिला गरज असेल तर ती करील. संगमेश्वरची गाडी कधी हाय?"

स्टँडवर तीस वर्षं दाजींनी उशिरा का होईना, पण प्रत्येक गाडी खरी पुकारली होती. "आता गाडी नाही," ते म्हणाले, आणि नेमकी त्याच वेळी कोपऱ्यावरून कुणाची तरी हाक आली, "ओ रिक्षा! संगमेश्वरची धरायचीय, चल लवकर!"

कमळाबाईंनी दाजींकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली. "म्हंजे मला कोंडून ठेवायचं ठरलंय काय?"

त्या तरातरा निघाल्या. रस्त्याला जायची वाट मांडवाच्या मागून होती. दाजी "अहो ऐका" म्हणत मागे. मांडवामागच्या बोळात समोरून आनंदीबाई येत होत्या, काखेत पिशवी, मागून गुणवंती हातात वडीची बशी घेऊन. आणि बोळातल्या तिसऱ्या दारातून, गोंगाट कसला म्हणून बघायला, गोदाबाई बाहेर आल्या.

बोळ एवढा अरुंद की कुणालाच बाजूला होता येईना. दाजींनी डोळे मिटून घेतले. साठ वर्षं जे होऊ नये म्हणून गाव श्वास धरून होतं (निदान दाजी तरी होते), ते आता होणार होतं.

"काय गो कमळे," आनंदीबाईंनी सुरुवात केली, "माझं तोंड बघायचं नाय म्हणालीस?"

"मी? तूच माझं नाव घेत नाहीस म्हणे! मांडवीत येऊन सकाळपासून बसलीस आणि साधी हाक नाय!"

"मला बाहेर पडू देत होते काय? ही बाय दारात वडी घेऊन उभी!"

"आणि मी काय मेले?" गोदाबाई कडाडल्या. "चार पावलांवर माझं घर. मला सांगितलंन, त्या दोघी येतील की नाय ते नक्की नाय. मी तुमच्यासाठी बांगडे तळून बसलेय, ते थंड झाले!"

तिघींचे आवाज चढत गेले. सोळाव्या वर्षी होड्या थांबवणारे आवाज होते ते. अजून दम होता. मांडवातले लोक पडद्याच्या फटीतून बघू लागले. दाजींच्या मनात एक चमत्कारिक विचार येऊन गेला, की पडद्यामागचं भांडण बघायला आपण जन्मभर तरसलो, ते आता डोळ्यांदेखत चाललंय आणि ते आपणच लावलंय.

"थांबा!" गोदाबाईंनी हात वर केला. "हे कोणी सांगितलंन तुमाला?"

तीन बोटं हळूहळू दाजींकडे वळली.

"मी... मी तुमचं जुनं भांडण वाढू नये म्हणून..." दाजी म्हणाले.

"कसलं भांडण?"

"मधल्या जागेवरून झालेलं. त्या रात्री. कमळाबाई पळाल्या, आनंदीबाई मागून गेल्या, तुम्ही रडलात..."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग आनंदीबाईंच्या पोटातून घुर्र असा आवाज आला, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. गोदाबाईंनीही लावला. दोघींचे खांदे गदगदू लागले, आणि दाजींना ती जुनी रात्र जशीच्या तशी आठवली. फरक इतकाच, की आता ते जवळ उभे होते आणि हे रडणं नाही हे दिसत होतं.

"अरे बाबा," कमळाबाई म्हणाल्या, "भांडण कसलं? पुढच्या रांगेत एक पोर बसलेलं. हातात मीठ घेऊन अंबाडा चोखत होतं. असा मिटक्या मारून, डोळे मिटून! माझं लक्ष गेलं आणि तोंडाला जे पाणी सुटलं! तोंड उघडलं असतं तर सुराआधी लाळ पडली असती. मी पळाले थुंकायला. ही मागून आली ती हसायला."

"आणि मी तिथंच हसत उभी," गोदाबाई म्हणाल्या. "पुढल्या गणपतीला ह्या दोघी सासरी. मी एकटी काय मेळा काढणार? पण तो पोर सापडला असता ना, तर मासे कापायच्या कोयतीनं त्याचे कान उतरवले असते."

"कुणाचं मेलं होतं, कळलंच नाय," आनंदीबाई म्हणाल्या.

दाजींचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. गुणवंतींची नजर त्या हातावर गेली. त्यांनी वडीची बशी दाजींच्या पुढे केली.

स्टेजवर खुर्च्या लागल्याच नाहीत. "बसून गलबत हाकतात काय?" म्हणून गोदाबाईंनी त्या काढायला लावल्या. दाजींनी माईक घेतला, सवयीनं "प्रवाशांनी कृपया" एवढं म्हणून सावरले, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. नेमके त्याच जागी. शेजारी गुणवंती.

पहिलं कडवं सुरू झालं. आवाज थरथरत होते, पण गलबत निघालं. दुसऱ्या कडव्यात वादळ उठलं. दाजींचे डोळे भरून आले. आता येणार, आता ते कडवं येणार. सगळं जग त्या तीन बायकांपुरतं उरलं होतं. आपला हात कुठे जातोय याचं भान त्यांना राहिलं नाही.

कमळाबाईंनी तिसऱ्या कडव्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं.

पेटी एक सूर धरून रेंगाळली. कमळाबाईंनी आवंढा गिळला, आणखी एक गिळला, आणि बोट पुढे केलं.

"गोदे! हाच तो मेला!"

दाजी जागच्या जागी थिजले. त्यांच्या गालात अख्खा अंबाडा होता आणि ओठावर मीठ.

"म्हातारा झाला तरी सवय गेली नाय!" आनंदीबाई ओरडल्या. मांडवभर हशा उसळला. गुणवंतींनी शांतपणे पदराखालून हात पुढे केला, आणि दाजींनी अंबाडा निमूट त्यात ठेवला.

"मला... मला फक्त शेवटचं कडवं ऐकायचं होतं," ते पुटपुटले. "गलबत परत येतं की नाही, एवढंच."

त्यांचा चेहरा बघून तिघींचं हसू विरलं. तिघींनी डोकी एकत्र करून काहीतरी ठरवलं.

"ऐकवतो," गोदाबाई म्हणाल्या. "पण तू दिसलास की हिच्या तोंडाला पाणी सुटतंय. खुर्ची फिरव. आमच्याकडे पाठ करून बस."

दाजींनी खुर्ची फिरवली. समोर अख्खी मांडवी त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती. मागून तीन म्हाताऱ्या आवाजांनी सूर धरला, वादळ ओसरलं, डोलकाठी दिसू लागली, आणि गलबत अलगद मांडवीच्या बंदराला लागलं. दाजींच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या आणि ते पुसत नव्हते, कारण हात खिशापासून लांब, मांडीवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवायची त्यांना ताकीद होती.

टाळ्या थांबल्यावर त्यांनी हळूच गुणवंतींना विचारलं, "मधे कोण उभी होती गं?"

"मला कुठं ठाऊक?" गुणवंती म्हणाल्या. "मी तुमच्याकडेच बघत होते."