माशाचा सांगाडा आणि रिकामी बाटली

डॉ. नवनीत यांच्या बुद्धीचे वर्णन करणे अवघड होते. ते काम ते स्वतःच करीत, ही त्यातल्या त्यात सोय. बालरोग विभागातील तृतीय वर्षाचे निवासी डॉक्टर ही आपली केवळ सरकारी ओळख असून मुळात आपण अन्वेषक आहोत, असे ते रुग्णांच्या नातेवाइकांनाही, कोणी न विचारता, सांगत. त्यांची नजर भिंतीपलीकडचे पाहते, असा त्यांचा दावा होता. भिंतीअलीकडचे पाहण्याचे काम डॉ. यास्मीनकडे होते, कारण ती प्रथम वर्षाला होती.

शिक्षण पुरे करायचे तर प्रत्येक निवासी डॉक्टरला गुणवत्ता सुधारणेचा एक प्रकल्प करावाच लागे. नवनीत सरांनी हातांची स्वच्छता हा विषय घेतला होता. वॉर्डाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली टांगायची आणि ती जितकी भराभर संपेल तितके हात स्वच्छ झाले असे मानायचे, एवढेच त्यातले शास्त्र. दाराशेजारच्या पांढऱ्या फळ्यावर सर रोज पुसून नव्याने काढत तो आलेख असा काही चढला, की विभागप्रमुख ममता मॅडमनी सरांचे भरभरून कौतुक केले, आणि कौतुक आटोपून हात चोळायला दाराशी आल्या, तर बाटली कोरडी. सकाळी जे यश होते, ती दुपारी चोरी ठरली. चोर सापडेपर्यंत कोणालाही रजा मिळणार नाही, असे मॅडमनी जाहीर केले.

रविवारी नवापूरला यास्मीनच्या थोरल्या बहिणीचा, कहकशाँ आपाचा, निकाह होता आणि यास्मीनचा रजेचा अर्ज मॅडमच्या टेबलावर सहीवाचून पडला होता.

सरांनी मात्र अत्यंत प्रसन्न चित्ताने त्याच फळ्यावर आलेखाच्या जागी माशाचा सांगाडा काढला. गुन्हा डोक्यात आणि एकेक कारण एकेका काट्यावर, अशी ही आकृती प्रकल्पाच्या प्रशिक्षणात शिकवतात. भांडारातून आलेल्या पेनाची शाई पाण्याने पुसली जात नाही, असे यास्मीनने सुचवून पाहिले. अन्वेषकाने पेनाच्या स्वभावात शिरू नये, असे सर म्हणाले.

पहिला संशय उन्हावर होता. नंदुरबारच्या मे महिन्यात माणूसही वाळतो, तिथे बाटलीची काय कथा, असा सरांचा बिनतोड युक्तिवाद. यास्मीनने दुसरी बाटली गच्चीवर भर उन्हात ठेवून पाहिली. ती भरलेलीच राहिली. तेव्हा यास्मीनला नवे पुरावे आणायला पाठवून सरांनी एकांतात विचार केला. ती परतली तेव्हा फळा लख्ख होता आणि त्यावर नवा मासा पोहत होता.

या माशाचे तोंड गुजरातकडे होते. तिकडे दारूबंदी, इकडे मद्यार्क. उरलेले सरांनी केवळ भुवया उंचावून सांगितले. दोघे विसरवाडीच्या फाट्यावर जाऊन उभे राहिले. सरांनी कोंबड्यांनी भरलेल्या एका ट्रकचा दीर्घ श्वास घेतला आणि कोंबड्या पूर्ण शुद्धीवर असल्यामुळे माल पुढे गेला आहे, असा निष्कर्ष काढला. यास्मीन समोरून सुटणाऱ्या नवापूरच्या बसकडे बघत राहिली.

शुक्रवारी मॅडम निकाल ऐकायला आल्या. सरांनी गंभीरपणे बाकाकडे बोट दाखवले. बाकावर रनाळ्याच्या दगूबाई बसल्या होत्या. नातवाला न्यूमोनिया झाल्यापासून त्यांचा मुक्काम फळ्यासमोरच होता.

"आजी, गुडघ्यांना काय चोळता?"

"कापूरनं तेल. तुले पाहिजे का?"

"ऐकलंत, मॅडम? कापराच्या वासाखाली दुसरा वास दडवलेला आहे," सर म्हणाले, आणि तिसऱ्या माशासाठी जागा करायला फडके भिजवून फळा पुसू लागले.

दगूबाईंनी थोडा वेळ त्यांचा हात चालू दिला.

"डॉक्टर भाऊ, तू जी शिशी धुंडी ऱ्हायना ती तुन्हा हातमाच शे. रोज तिन्हामाईन वतीसन फळा पुसस तू. मी म्हनं, डॉक्टरनी रीत व्हई."

सरांनी हाताकडे पाहिले. एका हातात काळेकुट्ट फडके, दुसऱ्या हातात बाटली, आणि बाटलीत तळाशी चार थेंब.

"चोर विभागातलाच असणार, ही शक्यता मी कधीच नाकारली नव्हती," ते सावकाश म्हणाले. "शिवाय वापर वाढला, हे तर खरंच ना, मॅडम?"

"खरं आहे. जिल्ह्यातला सर्वांत स्वच्छ फळा आपला आहे, डॉक्टर."

यास्मीनने अर्ज आणि पेन पुढे केले. "मॅडम, चोर सापडला."

सही झाली. बॅग खांद्याला लावून, जाता जाता बाटली भरून, तिने ती दाराशी टांगली. मागे सर म्हणत होते, की चोर सापडणे ही केवळ सुरुवात असून फळा सॅनिटायझरनेच का पुसला गेला, याचे मूळ कारण शोधले पाहिजे. नवा मासा हवा होता. जुना अर्धाच पुसला गेला होता. सर एका हाताने फडके चाचपत होते आणि त्यांचा दुसरा हात विचारांच्या तंद्रीत दाराकडे येत होता.

यास्मीन मागे फिरली आणि बाटली काढून तिने दगूबाईंच्या मांडीवर ठेवली. "आजी, मी येईपर्यंत सांभाळा. येईल त्याच्या हातावर तुम्हीच घाला."

"जाय माय, बहीण वाट देखी ऱ्हायनी व्हई," म्हणत दगूबाईंनी आधी स्वतःचे हात चोळले आणि बाटली पदराखाली घेतली.

यास्मीन जिन्यापर्यंत पोचली नाही, तोच मागून दबक्या, रोमांचित आवाजात हाक आली.

"यास्मीन, बाटली पुन्हा गेली."