ऑरेस्टला नात झाली

त्या शनिवारी सकाळी मी एक लहानसा निर्णय घेतला: आजपासून चारचौघांत माणसासारखं वागायचं. निर्णय मी घेतला असं म्हणणं जरा धाडसाचंच आहे. घेतला लोर्नाने, मी मान डोलावली. (आमच्या घरात याला एकमत म्हणतात.)

झालं असं, की क्लबातल्या नाश्त्याला ऑरेस्ट आमच्याच टेबलावर येऊन बसला. ऑरेस्ट म्हणजे पलीकडच्या गावच्या संघाचा नायक. दुपारच्या अंतिम सामन्यात आमच्या समोर तोच होता. पॅनकेकवर सिरप ओतता ओतता तो म्हणाला, "मर्व्ह, काल आमच्या पोरीला मुलगी झाली."

मी म्हणालो, "बरं. ते सिरप जरा इकडे सरकव."

टेबलाखालून लोर्नाची लाथ बसली. ऑरेस्ट उठून जाताच तिने तोंड उघडलं.

"अरे, आजोबा झाला तो! अभिनंदन करायचं सोडून सिरप काय मागतोस?"

"सिरप त्याच्याकडेच होतं."

"तुझ्यामुळे लोक मलासुद्धा शिष्ट समजतात. आता पहिली संधी मिळेल तेव्हा त्याच्याशी हात मिळव आणि चार शब्द गोड बोल. विसरशील."

मी विसरलो नाही. पुढचं सगळं रामायण मी विसरलो नाही म्हणूनच घडलं.

लोर्ना, म्हणजे माझी बायको, दिवसा शाळेची बस चालवते आणि उरलेल्या वेळात कर्लिंग खेळते. लग्नाआधीपासून खेळते. बर्फावरून ग्रॅनाइटचा जड दगड सरकवायचा, दोघांनी त्याच्यापुढे झाडू घाशीत धावायचं आणि समोरच्या टोकाच्या वर्तुळात तो नेमका थांबवायचा. (बर्फावर झाडू तिच्या माणसांच्या हातात असतो, घरी माझ्या.) सबंध सस्कॅचेवान प्रांतात तिच्या नेमाचं नाव आहे. पण प्रांताचा अंतिम सामना काही तिला आजवर जिंकता आला नव्हता. दरवेळी थोडक्यात हुकायचं आणि दुसरंच कोणी प्रांताचा हिरवा कोट घालून राष्ट्रीय स्पर्धेला जायचं. आता तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते. डॉक्टर म्हणाले होते, खेळा अजून एखाद-दोन हिवाळे. तो हिरवा कोट तिला किती हवा होता ते मला ठाऊक होतं. कपाटात तिने त्याच्यासाठी एक हँगर मोकळा ठेवलेला होता, आणि त्याला माझा शर्ट लटकवायची मला बंदी होती.

माझं कर्लिंग वेगळं. मी धान्याच्या कोठारावर कारकून आहे आणि मंगळवारच्या हौशी संघात खेळतो, कारण खेळानंतर पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, मिळतात. राखीव खेळाडू म्हणून लोर्नाच्या संघात माझं नाव होतं ते गाडी लावायला फुकट जागा मिळावी म्हणून. पण त्या सकाळी तिचा उपनायक डेल दारातला बर्फ उपसायला गेला आणि तिथेच कमरेत वाकलेला राहिला. स्त्री-पुरुषांची मिश्र स्पर्धा. डेलच्या जागी पुरुषच हवा. हाताशी असलेला एकमेव पुरुष मी.

"तुला फार काही करायचं नाहीये," लोर्नाने समजावलं. "मी दगड टाकायला पलीकडच्या टोकाला जाते तेव्हा तू वर्तुळात झाडू धरून उभा राहा. मी झाडूवर नेम धरीन. हलू नकोस."

"एवढंच?"

"एखादी खुंटी उभी केली असती, पण नियमात बसत नाही."

सामना मात्र अटीतटीचा झाला. शेवटच्या डावात आम्ही एका गुणाने मागे होतो. शेवटचा दगड आमचा, पण अवघड. वर्तुळाच्या मधोमध ऑरेस्टचे दोन दगड, त्यांच्या आडोशाला तिसरा, आमचा. एका दगडाने दोन्ही उडवायचे आणि आपला मात्र आत राखायचा. अशा वेळी पुष्कळ संघ सरळ हार मानतात. आमच्याकडे तशी रीतच आहे. जमत नाही असं दिसलं की हातमोजा काढायचा, समोरच्याचा हात हातात घ्यायचा, की सामना संपला. पंच शिट्टी वाजवत नाही की काही नाही. आमच्याकडची पोरं ही रीत चालायला लागायच्या आधी शिकतात. मीही शिकलो होतो.

लोर्ना मात्र हार मानणाऱ्यांतली नव्हे. तिने वाकून, बसून, डोळा बारीक करून कोन पाहिला. "जमेल," एवढंच म्हणाली आणि दगड टाकायला पलीकडच्या टोकाकडे निघाली. इकडच्या टोकाला वर्तुळात उरलो मी आणि माझ्या मागे ऑरेस्ट. ती पोचायला वेळ होता. सकाळपासून माझ्या डोक्यात ते सिरप होतंच. म्हटलं, हीच संधी.

मी हातमोजा काढला आणि हात पुढे केला. "अभिनंदन, ऑरेस्ट! मनापासून."

ऑरेस्ट चपापला. "आत्ता?"

"मग कधी? सकाळीच करायला हवं होतं."

"सकाळी? अरे, नक्की ना पण?"

"म्हणजे काय! यात विचार कसला करायचा?"

"लोर्नाला माहीत आहे?"

"तिनेच तर बजावलंय मला. म्हणाली, पहिली संधी मिळेल तेव्हा हात मिळव."

ऑरेस्टचे डोळे पाणावले. माझा हात दोन्ही हातांत घेऊन तो म्हणाला, "फार मोठ्या मनाची बाई आहे रे." त्याची बायको मिर्ना, त्यांची उपनायिका, धावत आली आणि तिने मला मिठीच मारली. आजीच ती, मला नवल वाटलं नाही. त्यांचे दोघे झाडूवालेसुद्धा येऊन हात मिळवू लागले, तेव्हा वाटलं, बातमी बरीच पसरली म्हणायची. मग बाकांवरचे लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. एका नातीसाठी इतक्या टाळ्या! आमच्या भागातली माणसं प्रेमळ आहेत हे मी नेहमीच सांगत आलोय.

तेवढ्यात मिर्नाने पायाने वर्तुळातले दगड भराभर मागच्या फळीकडे लोटले. खेळ संपला की लोटतात तसे.

मी पलीकडे पाहिलं. लोर्ना टोकाला गुडघ्यावर बसली होती, हातात दगड, आणि रिकाम्या बर्फाकडे पाहत होती.

ती चालत आमच्यापर्यंत आली. घाईने नाही. मला मात्र ती धावत आली असती तर बरं वाटलं असतं.

"मर्व्ह, काय केलंस?"

"अभिनंदन."

"कसलं?"

"त्याला नात झाली ना."

ऑरेस्टचा चेहरा पांढरा पडला. सज्जन माणूस. म्हणाला, "हे बरोबर नाही. दगड परत लावू. माझा इथे होता, पार कडेला."

"नाही, ऑरेस्ट," लोर्ना म्हणाली, "चांगला आत होता."

"अगं, बाहेर होता."

"आत होता. उगाच माझ्या बाजूने बोलू नकोस."

दोघेही एकमेकांच्या फायद्यासाठी भांडू लागले. शेवटी पंचाने माझ्याकडे बोट केलं. "तू दगडांशेजारीच उभा होतास. तू सांग."

मी काय सांगणार? मी गोड शब्द जुळवत होतो. दगड किती होते तेही मला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

हात मिळाले म्हणजे सामना संपला, पंच म्हणाला. लोर्नाने हातमोजा काढला, ऑरेस्टशी हात मिळवला, मिर्नाशी मिळवला. माझ्याशी नाही. बाकी कशालाही मी हसतो, पण तिच्या त्या उघड्या हाताची आठवण झाली की अजून हसू येत नाही.

रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजली. ऑरेस्टने लोर्नाला राय व्हिस्की पाजली आणि स्वतः मान खाली घालून बसला. घरी येताना गाव जवळ आल्यावर लोर्ना गाडीत एकदाच बोलली.

"नात किती किलोची, ते विचारलंस?"

"नाही."

"म्हणजे तेही धड केलं नाहीस."

आता आमच्या तालुक्यात कोणी थंडी सरायच्या आधीच पेरणी उरकली, तर लोक म्हणतात, "यानं मर्व्ह केला."

पुढच्या हिवाळ्यात डेल कमरेला पट्टा बांधून खेळला. अंतिम सामना, समोर पुन्हा ऑरेस्ट. मी बाकांवर, लोर्नाने स्वतः विणलेले लाल हातमोजे घालून. तिने ते मनगटाशी गच्च आवळून बांधले होते, आणि दोन्हींना जोडणारी लोकरीची दोरी माझ्या कोटाच्या एका बाहीतून शिरून दुसरीतून निघत होती. बालवाडीतल्या पोरांचे हातमोजे हरवू नयेत म्हणून करतात तसं.

शेवटचा दगड पुन्हा लोर्नाचाच. या वेळी तिला तो टाकायला मिळाला. तिने दोन उडवले आणि आपला आत राखला. मग ती तिथेच बर्फावर बसून रडली आणि मीही रडलो, लाज न बाळगता. सगळ्यांनी हात मिळवले, तिने हिरवा कोट घातला, आणि सामना नक्की संपला आहे हे पंचाला दोनदा विचारून मी अभिनंदनाला पुढे झालो. उजवा हात पुढे केला, तर डावा बाहीत खेचला गेला. मी हातमोजा ओढून पाहिला. सुटेना.

बाकांवर मिर्नाच्या मांडीवर ऑरेस्टची नात बसली होती. लोर्नाने तिच्यासाठीही लोकरीच्या त्याच गुंड्यातून तसेच हातमोजे विणले होते, दोरीसकट. फक्त तिचे तिला काढता येत होते.