भामरे अण्णा आणि न उठणारी मशिनं

भामरे अण्णा माणसांशी छापील मराठीत बोलायचे आणि कॉम्प्युटरशी अहिराणीत.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, त्यांना गावाकडचं कोणी भेटलं की काय. पण माझ्या दुकानात मी, ते आणि बाकावर बसलेलं एक गिऱ्हाईक, एवढेच होतो. अण्णा टेबलाखाली उकिडवे बसले होते. कॅबिनेटच्या पत्र्यावर तळहात टेकवून हळू आवाजात विचारत होते, "काय व्हयनं रे भो तुले? कोठे दुखस?" मग डोकं बाहेर काढून माझ्याकडे वळले. "ताई, काल संध्याकाळी आपण याला रीतसर बंद केलं होतं का?"

'रीतसर' हा त्यांचा आवडता शब्द. कॉम्प्युटर सरळ बटण दाबून बंद करणारा माणूस त्यांच्या लेखी जेवणाऱ्यापुढून ताट ओढणारा होता.

ही गोष्ट पंचवीस-एक वर्षांपूर्वीची. नाशिकला द्वारकेच्या चौकातून जरा आत माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान नवंनवं होतं. लग्नपत्रिका, अर्ज, करारनामे, पिंपळगावच्या द्राक्षांच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं, असं सगळं त्या एका कॉम्प्युटरवर चालायचं. त्या दिवशी सकाळी तो उठायलाच तयार नव्हता. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ, तिचा अर्थ एवढाच की मला चालू व्हायला लागतं ते मिळत नाहीये. बाकावर वणीहून आलेले नवरीचे वडील बसले होते. त्यांची पत्रिका त्याच दिवशी छापायला जाणार होती आणि ते दर दोन मिनिटांनी "होईल ना हो?" विचारत होते. मला रडू यायचंच बाकी होतं.

शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं अण्णांचा नंबर दिला. ते मोपेडवरून आले, कपडे झटकले, चपला दाराबाहेर काढल्या आणि अहिराणीत तपासणी सुरू केली. मिनिटभरानं त्यांनी फ्लॉपीच्या खाचेशेजारचं बटण दाबलं. माझीच फ्लॉपी टुणकन बाहेर आली. आदल्या संध्याकाळी पत्रिका तिच्यावर उतरवून घेतली होती आणि तशीच आत विसरले होते.

"तोंडात घास ठेवून कोणी उठतं का, ताई?" अण्णा म्हणाले.

मग त्यांनी मला आणि नवरीच्या वडिलांना समोर बसवून समजावलं. मशीन जागं झालं की आपली सिस्टिम कुठे ठेवलीय ते शोधत निघतं. आधी फ्लॉपीत बघतं, मग सीडीत, मग हार्ड डिस्कवर. पहिल्याच दारात भलताच माणूस भेटला की तिथेच अडून बसतं. नवरीचे वडील मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमच्या व्याह्यांसारखंच हाय म्हणा." अण्णा हसले नाहीत. मशीनच्या बाबतीत ते विनोद खपवून घेत नसत.

अण्णा सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते. तिथला पहिला कॉम्प्युटर बंद पडला, मुंबईचा माणूस आठवडाभर येईना, तेव्हा अण्णांनी साहेबांची परवानगी घेऊन तो उघडला. आत ढेकणाएवढ्या चिपा आणि मूठभर धूळ होती. धूळ काढली, मशीन सुरू झालं आणि अण्णांचं आयुष्य तिकडे वळलं ते वळलंच. पुढे कारखाना बंद झाला तेव्हा ते कॉम्प्युटर दुरुस्तीत कधीच बुडून गेले होते.

त्यांच्या कापडी पिशवीत रंगाऱ्याचा ब्रश, बूटपॉलिशच्या डबीत स्क्रू, शाळकरी खोडरबर आणि सीड्यांचा गठ्ठा असे. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात ते खोडरबरानं घासत, बाळाच्या हिरड्यांवरून बोट फिरवावं तसे. निम्मी दुखणी तेवढ्यानंच बरी होत.

त्यांना फोन केला की आधी काकू उचलायच्या. काकू म्हणजे अण्णांची बायको. कॉम्प्युटर बिघडलाय एवढंच सांगून सुटका नसे. "लाईट लागतो का? आतला पंखा फिरतो? टुक आवाज येतो का? एकदा येतो, की तीनदा?" तीनदा म्हटलं की त्या आत हाक मारायच्या, "ओ, रॅमचं दुखणं आहे!" नाशकातल्या कितीतरी लोकांनी काकूंना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचे कॉम्प्युटर काकूंनी फोनवरच बरे केले होते. "वायर घट्ट बसवा आणि पाच मिनिटांनी सांगा," एवढ्यावर काम व्हायचं.

सिस्टिम नव्यानं टाकायची असली की मात्र अण्णा स्वतःच येत. तो दिवस सोवळ्याचा. टेबलावर चहा नको, दुकानात पंखा फुल नको, कोणी पायात पाय घालून बसायचं नाही. पडद्यावर 'एकोणचाळीस मिनिटं बाकी' असं आलं की ते नाक मुरडत. "याच्या मिनिटावर विश्वास ठेवून लग्नाचा मुहूर्त धरू नका," म्हणत. पण जागचे हलत नसत. निळी पट्टी भरेपर्यंत मशीनसमोर हात जोडल्यासारखे बसून राहत.

मध्येच पंचवीस अक्षरांची चावी मागितली जाई. ती कॅबिनेटच्या पाठीवरच्या स्टिकरवर असायची. मी वाकून वाचायचे, अण्णा टाइप करायचे. बी आणि डी, एम आणि एन यांच्यात घोटाळा नको म्हणून त्यांनी स्वतःची बाराखडी केली होती. "बी बबनचा. डी दगडूचा. जे जिभाऊचा. व्ही वणीचा. डब्ल्यू म्हणजे दोनदा वणी." एकदा क्यू आला. मी थांबले. अण्णाही थांबले. बराच विचार करून म्हणाले, "क्यूला आमच्या तालुक्यात माणूस नाही. तो तसाच सांगा."

एकदा निम्म्यावर काम अडलं. सीडीवरची एक फाईल काही केल्या वाचली जाईना. अण्णांनी सीडी काढली, उजेडात धरली आणि मला म्हणाले, "दात घासायची पेस्ट आहे का?" दुकानात कुठली असणार? मी धावत जाऊन किराणावाल्याकडून आणली. अण्णांनी बोटावर वाटाण्याएवढी घेऊन सीडीला लावली, मधून कडेकडे घासली, नळाखाली धुतली आणि स्वतःच्या बनियनला पुसली. "चाल रे बा, आते हट्ट नको करू." आणि ती फाईल खरंच वाचली गेली! त्यानंतर आठवडाभर माझ्या कॉम्प्युटरला पुदिन्याचा वास येत होता, असं झेरॉक्सवाला सांगत असे.

पण एका गोष्टीत अण्णा फार त्रास द्यायचे. पुसण्याच्या. कॉम्प्युटर पुसून कोरा करायची वेळ आली की घरातल्या प्रत्येकाला बोलावून विचारत, "पुसू का?" हो म्हटलं तरी पुन्हा विचारत.

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षांचे व्यापारी होते, पॅकहाऊसवाले. ऐन हंगामात मशीन माझ्या दुकानात आणून टाकलं आणि म्हणाले, "अण्णा, फॉरमॅट मारा. लय घाई हाय. गाड्या भरायच्या थांबल्यात."

"आत काय आहे?"

"काय नाय ओ. समदी जुनी बिलं."

अण्णांनी त्यांची हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि एकेक कप्पा उघडायला लागले. व्यापारी घड्याळ बघतायत, फोनवर ओरडतायत, मला डोळ्यांनी खुणावतायत. दोन तास गेले. मग 'नवीन फोल्डर' नावाच्या एका कप्प्यात अण्णांना फोटो सापडले. व्यापाऱ्यांच्या आईचे, शेतात, डोक्यावर पाटी घेतलेले. व्यापारी बघतच राहिले. "हे हितं हायत? आम्ही घर धुंडाळलं ओ यांच्यासाठी. म्हातारी गेली तवा फ्रेमला चांगला फोटोच गावला नाय." अण्णा एवढंच म्हणाले, "पुसलं की गेलं, शेठ." आणि सीडीवर सगळं उतरवून, वर मोत्यासारख्या अक्षरात 'मातोश्री' लिहून त्यांच्या हातात दिलं.

मग दिवस पालटले. फ्लॉपी गेली, सीडी गेली. लॅपटॉप इतके चपटे झाले की त्यांच्यात खोडरबर घालायला जागा उरली नाही. पोरं फोनवर बघून स्वतःच सिस्टिम टाकायला लागली. अण्णांची मोपेड माझ्या दारात महिन्यातून एकदा, मग सणासुदीला, मग नुसतीच चहाला थांबू लागली. त्यातच काकू गेल्या. अचानक, चालता-बोलता. मुलगा बंगळुरूला. तो घेऊन जायला आला होता, पण अण्णा गेले नाहीत. 'मशिनं आहेत' म्हणाले.

काकू गेल्याला सव्वा वर्ष झालं असेल. एका दुपारी अण्णांचा फोन आला. "ताई, जरा घरी येता का? माझं मशीन बंद पडलंय."

मला हसूच आलं. "अण्णा, आणि मी येऊन काय करणार?"

"या तर खरं."

मखमलाबाद नाक्याजवळ त्यांचं छोटं घर आहे. बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, जाडजूड कॅबिनेटवाला. मी वाकून वायरी पाहिल्या. सगळं जागेवर होतं.

"काय झालंय याला?"

"काही नाही. परवा आमच्या गल्लीची डीपी उडाली. दिवसभर लाईट नव्हती. इन्व्हर्टरही संपला."

"पण आता लाईट आहे ना?"

"आहे."

"मग लावा की."

अण्णा खुर्चीवर बसले. "तुमच्या काकू यावर पत्ते खेळायच्या, ताई. तो एकट्याचा डाव असतो ना, तो. दुपारी कामं आटोपली की बसायच्या. त्या दिवशी मी बाहेरून आलो, भूक लागली म्हटलं. डाव अर्धा होता. म्हणाली, बंद नका करू, भाकरी टाकून येते." पुढचं वाक्य त्यांनी हातानंच पूर्ण केलं. "तेव्हापासून मी मशीन बंद केलंच नाही. स्क्रीन बंद ठेवायचो, मशीन चालू. पंख्याचा आवाज असायचा घरात. कधीतरी स्क्रीन लावून बघायचो. पत्ते तसेच."

मी कॅबिनेटकडे पाहिलं. पंखा थांबलेला होता.

"आता बटण दाबलं की ते उठेल. त्याला काही झालेलं नाही. पण उठल्यावर तो डाव नसेल. मी किती मशिनं उठवली असतील, मोजदाद नाही. हे माझ्याच्यानं होत नाहीये. तुम्ही दाबा."

मी बटणापाशी हात नेला, तर म्हणाले, "थांबा." कपाटातून एक वही आणली. त्यात त्यांनी कधीतरी स्क्रीनवर बघून, पट्टीनं आखून सात रांगा उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक पत्ता लिहिला होता. लाल शाईत लाल, काळ्यात काळा. उलटे पत्ते नुसते चौकोन.

"मला हा खेळ येत नाही," अण्णा म्हणाले. "तुम्हाला येतो का? मग बघून सांगा. तिला पुढे चाल होती का?"

मी वही खिडकीशी नेली. खोटं बोलायची माझी तयारी होती. पण गरज पडली नाही. चौकटची नव्वी किलवरच्या दश्शीवर जात होती.

"होती अण्णा. चाल होती."

"असणारच," ते म्हणाले. "ती अडून बसणारी बाई नव्हती. दाबा आता."

मी बटण दाबलं. एकदाच टुक वाजलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. स्क्रीन पूर्ण उजळली तेव्हाच वळले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मी पत्त्यांचा खेळ उघडला. नवा डाव पडला. काळ्यावर लाल, लालवर काळा, एक्के वर, एवढं मी त्यांना शिकवलं. त्यांनी माऊस असा धरला होता, जणू आयुष्यात पहिल्यांदाच. तीन डाव हरले. चौथा लावताना मी निघाले.

दोन-तीन आठवड्यांनी भर दुपारी त्यांचा फोन आला. दुकानात ऑनलाइन अर्ज भरणाऱ्यांची गर्दी होती.

"ताई, सुटला."

"काय सुटलं, अण्णा?"

"डाव. पूर्ण सुटला." त्यांना धाप लागली होती. "आणि शेवटी सगळे पत्ते उड्या मारत खाली येतात हो! एकेक करून, पडदाभर. तुम्हाला माहीत होतं?"

"हो, अण्णा."

"मला नव्हतं. इतक्या मशिनांत हा खेळ होता, मी कधी शेवटपर्यंत बघितलाच नाही." मग जरा थांबून म्हणाले, "ती हाक मारायची. 'ओ, दखा ना, दखा ना.' मी म्हणायचो, हातातलं काम संपू दे."

समोरचा मुलगा आधार कार्ड पुढे करून उभा होता. मी त्याला हातानंच थांबायला सांगितलं. पलीकडे अण्णा फोन ठेवत नव्हते.

"अजून पडताहेत का पत्ते?" मी विचारलं.

"हो. आता पंजे चाललेत. थांबा, बघू द्या."