आठल्ये सर आणि कलम एकतीस

आठल्ये सरांना आमच्या घरी चहाचा दुसरा कप कधीही मिळाला नाही. याला ते स्वतः जबाबदार होते. माझी पत्नी किटली पुढे करून म्हणे, "अजून थोडा घ्या ना, सर." सर तळहाताने कप झाकत आणि माझ्याकडे पाहत.

"सूचना आलेली आहे. अनुमोदक?"

मी वर्तमानपत्र वाचत राही. अर्धा मिनिट वाट पाहून सर जाहीर करत, "अनुमोदनाअभावी सूचना बारगळली," आणि कप बशीत पालथा घालत. हे थट्टेने चाले असे कोणी समजू नये. सरांनी थट्टा केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ही हकीकत १९८५च्या सुमाराची, न्यू जर्सीतील पिस्कॅटवेची. त्याआधी सर घानामध्ये होते. तेथे समुद्राकाठच्या एका गावात त्यांनी एकोणीस वर्षे शाळेत शासनशास्त्र शिकवले आणि पश्चिम आफ्रिकेतील विद्यार्थ्यांसाठी त्या विषयाचे एक क्रमिक पुस्तकही लिहिले. राज्य म्हणजे काय, कायद्यापुढे सर्व समान का, सत्तेच्या तीन शाखा एका हातात का असू नयेत, अशी प्रकरणे. शेवटचे प्रकरण 'आजची राज्यव्यवस्था'. सरांच्या मुक्कामात तेथील लष्कराने पुन्हा पुन्हा सरकार उलथवले. दर वेळी सरांनी त्या प्रकरणावर नव्या मजकुराचा कागद डकवला. मी पुस्तक पाहिले तेव्हा ते एकच प्रकरण उरलेल्या पुस्तकाहून जाड झाले होते.

"पुस्तकात एकही चूक नाही," सर मूठ आवळून म्हणत. "चूक देशाची आहे!"

अखेरीस ते पिस्कॅटवेला बहिणीकडे आले आणि एका छोट्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग घेऊ लागले. दोन वर्षांनी मेहुण्याला अ‍ॅरिझोनात, चँडलरला नोकरी लागली. बहिणीने सरांना बरोबर येण्याचा आग्रह केला.

"तिथे महाराष्ट्र मंडळ आहे?" सरांनी विचारले.

"अजून नाही, दादा."

"मग मी विरोध कोणाला करू?"

ते राहिले. एका लाँड्रीच्या वरची एक खोली त्यांनी घेतली. आमच्या मंडळात चाळीस कुटुंबे होती आणि विरोधी पक्ष नव्हता. ती उणीव सरांनी एकट्याने भरून काढली. बटाटेवड्यांऐवजी समोसे मागवले, तर "सभासदांना विचारलं होतं का? हा हुकूमशाहीचा पहिला टप्पा आहे!" सहलीची वेळ दहावरून साडेदहा केली, तर दुसरा टप्पा. सभा संपून ताटे मांडली की मात्र ते कोट घालून निघून जात. "भोजन हा कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय नाही." ते गेले की सर्वांना हायसे वाटे. मलाही वाटे. मी पंचवीस वर्षे रासायनिक कारखान्यात काढली आहेत; तेथे झडप उघडावी की नाही यावर मतदान घेत नाहीत. सरांशेजारी दोन तास बसून मी घरी आलो की माझी पत्नी माझ्याशी बोलत नसे. तिला माझे तोंड पाहूनच कळे.

शाळेचे सभागृह भाड्याने हवे तर मंडळाची नियमावली सादर करा, असे एकदा शाळेने कळवले. ती लिहायला कोणालाच वेळ नव्हता. सरांनी दोन दिवसांत एकसष्ट कलमे लिहिली. सहलीच्या दिवशी, एका हातात पुरी धरून, आम्ही सर्वांनी न वाचता सह्या केल्या. सरांनी निम्मी नियमावली आपल्या पुस्तकातून उतरवली होती, हे पुढे उघडकीस आले. घानामध्ये गावोगावी परंपरागत प्रमुख असतात आणि त्यांची स्वतंत्र सभा असते. त्यामुळे आता ती पिस्कॅटवेच्या मराठी मंडळालाही होती! कलम एकतीस: सभासदाचा अथवा त्याच्या पाहुण्याचा हक्क कमी करणारा कोणताही ठराव, बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकून प्रमुखांच्या सभेने संमती दिल्याखेरीज अमलात येणार नाही. प्रमुख म्हणजे सह्या झाल्या त्या दिवशी मंडळात सर्वांत वयस्कर असलेले तीन सभासद. त्यांपैकी एक वारले, एक फ्लोरिडाला गेले. उरलो मी. तेव्हापासून तरुण मंडळी मला पार्किंगमध्ये "चीफ, गाडी जरा मागे घ्या ना" असे म्हणू लागली. याबद्दल मी सरांना क्षमा केलेली नाही.

त्या वर्षी गणपतीच्या जेवणाला सर प्रथमच थांबले. त्यांच्याबरोबर क्वेसी होता. हा घानाचा तरुण, जवळच्या विद्यापीठात मृदाशास्त्राचे संशोधन करणारा, सहा फुटांहून उंच. तो पंगतीत मांडी घालून बसला तेव्हा त्याचे गुडघे ताटाच्या वर आले. त्याने पाच मोदक खाल्ले, सर्वांना वाकून नमस्कार केला, आणि आमची मुले व्हिडिओवर सिनेमा पाहत असताना सभागृहातला केर काढला.

दिवाळीच्या दहा दिवस आधी मंडळाचा अध्यक्ष शिरीष एक कागद घेऊन माझ्याकडे आला. त्यावर एक ओळ होती: यापुढे सभासदांबरोबर फक्त रक्ताच्या नातेवाइकांना प्रवेश मिळेल.

"काका, एक सिग्नेचर हवी होती. जस्ट फॉर्मॅलिटी."

"हा ठराव कोणाविरुद्ध आहे?"

"कोणाविरुद्ध नाही हो, जनरल आहे."

"क्वेसीने काय केलं?"

"केलं काहीच नाही, काका." शिरीष खुर्चीत सरकला. "पण लेडीज अनकम्फर्टेबल होतात."

"कोणत्या लेडीज?" माझ्या पत्नीने स्वयंपाकघरातून विचारले. "मला नाही कोणी विचारलं."

"काकू, म्हणजे तुम्ही नाही..."

"मग मी कोण आहे?"

मला संताप आला होता. तो शिरीषवर होता, हे खरे. पण सरांवर अधिक होता. त्यांनी न विचारता मला प्रमुख केले होते, आणि आता मला प्रमुखासारखे वागावे लागणार होते. एरवी मी त्या कागदावर सही केली असती. हे लिहायला मला आवडत नाही, पण केली असती.

"रविवारी अकरा वाजता समितीला घेऊन ये," मी म्हणालो. "सरांचं म्हणणं ऐकू."

"ओ गॉड," शिरीष म्हणाला. "काका, मग तर अख्खा दिवस गेला."

रविवारी समितीचे पाच जण आमच्या बैठकीच्या खोलीत ओळीने बसले. सर टाय बांधून, पुस्तक आणि कार्बन पेपर घेऊन आले. इतिवृत्त दुसऱ्या कोणी लिहिणे त्यांना मान्य नव्हते. बोलत असतानाही ते मधून मधून थांबून स्वतःचेच वाक्य टिपून घेत. त्यांनी सार्वभौमत्वापासून आरंभ केला. चाळीस मिनिटांनी ते कायद्यापुढील समानतेपाशी पोहोचले.

"सर, शॉर्टमध्ये सांगा ना," शिरीष घड्याळाकडे पाहत म्हणाला. "तो तुमचा लागतो कोण?"

सर थांबले. त्यांनी पुस्तक मिटले.

"त्याच्या आजीच्या घरात मी एकोणीस वर्षं भाड्याने राहिलो. त्या गावात सगळ्या कालवणांत मासे असतात. बाई माझ्यासाठी वेगळं भांडं चढवायची. चवळी आणि तळलेली केळी. सणाला तिच्या घरी चाळीस-चाळीस माणसं जेवायला येत. हा मास्तर तुमचा कोण लागतो, असं त्यांतल्या एकानेही तिला विचारलं नाही."

मी कागद शिरीषला परत दिला. "संमती नाही."

"ओके, काका. ड्रॉप करू," शिरीष म्हणाला आणि त्याने कोट चढवला. त्याला सुटल्यासारखे वाटले असावे.

"हरकत!" सर ताडकन उठले. "बाधित व्यक्तीचं म्हणणं ऐकलेलं नाही. बाधित व्यक्ती मी नाही, मी यजमान आहे. निर्णय अवैध आहे."

"अहो, निर्णय तुमच्या बाजूने आहे!" मी आयुष्यात क्वचितच ओरडलो आहे.

"आपल्या बाजूचा अवैध निर्णय अधिक घातक असतो. मी मुलांना हेच शिकवतो."

"मग कुठे आहे तुमची ती बाधित व्यक्ती?"

"गाडीत."

नोव्हेंबर चालू होता. सर येऊन तास उलटून गेला होता. माझ्या पत्नीने आम्हा सर्वांकडे एकदा पाहिले, ती स्वतः दार उघडून गेली आणि क्वेसीला घेऊन आली. त्याने दारात बूट काढले आणि तो गालिच्याच्या कडेला उभा राहिला.

"तुला बोलण्याचा हक्क आहे," सर त्याला इंग्रजीत म्हणाले. "न बोलण्याचाही आहे."

क्वेसी इंग्रजीतच बोलला. फार हळू बोलला.

"खरं सांगायचं तर तुमचं जेवण मला जरा जास्तच गोड लागतं. पाचवा मोदक मी केवळ वाढणाऱ्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून खाल्ला." माझ्या पत्नीने मान खाली घातली. "माझी आजी दर महिन्याला कोणाकडून तरी पत्र लिहून घेते. तिचा एक प्रश्न ठरलेला असतो. सणाला मास्तर कोणाबरोबर जेवला? गेल्या दिवाळीला मी सहज त्यांच्या खोलीवर गेलो, तर ते सिंकपाशी उभं राहून पाव खात होते. मी आजीला लिहिलं, मास्तर आपल्या माणसांत जेवला. तिच्याशी मी दुसरं काही खोटं बोललेलो नाही. म्हणून या वर्षी मी त्यांच्या मागे लागलो, की मला तुमचे सण पाहायचे आहेत, मला घेऊन चला. स्वतःसाठी ते थांबले नसते."

त्याने सरांकडे पाहिले नाही.

"मी नाही आलो तरी चालेल. पण मग त्यांच्या शेजारी तुमच्यापैकी कोणीतरी बसा. म्हणजे मला पत्रात लिहिता येईल."

सरांचे लिहिणे केव्हा थांबले ते मला सांगता येणार नाही. कागदावर 'बाधित व्यक्तीने निवेदन केले की' एवढेच होते. आमच्या घरापासून ती लाँड्री एक मैलावर आहे. समितीतल्या दोघांचे कपडे तेथेच जात. तेथे वर राहणारा मनुष्य सणाच्या दिवशी काय करतो, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नव्हते. तो आमच्यावर ओरडत असे, तेवढे आम्हाला पुरेसे होते.

"हे मला माहीत नव्हतं," सर मराठीत म्हणाले. मग ते उठले, क्वेसीपाशी गेले आणि एकदम कडाडले, "तुझे हात बर्फासारखे झाले आहेत! गाडीत हीटर का लावला नाहीस, मूर्खा?"

"किल्ली तुम्ही घेऊन आला होता, सर," क्वेसी म्हणाला.

सर खिसे चाचपत राहिले. किल्ली कोटाच्या खिशात होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली, आणि मग काहीही न बोलता त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून चोळू लागले. स्वयंपाकघरात माझी पत्नी तांदूळ धूत होती. शिरीषने अंगावरचा कोट काढला आणि आणखी किती खुर्च्या लागतील ते विचारायला तो आत गेला.