आमोदच्या सायकलची हवा

शनिवार पेठेत गुन्हे घडत नाहीत, याचं एकमेव कारण म्हणजे आपण इथे राहतो, असं शरच्चंद्र खांबेटे यांचं प्रामाणिक मत होतं. आपली नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची आहे, असं ते आल्यागेल्याला सांगत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक अवघडलेला प्राणी उभा राही आणि त्यांच्या पत्नी हेमाताई निमूटपणे चहा टाकायला उठत. एका सरकारी खात्यात शरच्चंद्रांनी तीस वर्षं हरवलेल्या फायली शोधल्या होत्या. त्या हरवत कुणामुळे, हा तपास तेवढा अपुरा राहिला.

एके दिवशी वरच्या मजल्यावरचा आमोद तक्रार घेऊन आला. तो हिंजवडीच्या कंपनीत होता. आधी फ्लॅट, मग गाडी आणि मग गाडीतून उतरून धावणं, अशी त्या कंपनीतल्या लोकांची प्रगती चालली होती. यंदा टीमचे वरिष्ठ शंभूसाहेब यांच्या हुकमावरून सगळ्या टीमने गोव्याच्या ट्रायथलॉनला नाव दिलं होतं. समुद्रात पोहायचं, ओल्या अंगाने सायकल हाणायची आणि उरलेल्या जिवाने धावायचं, तेही एका दमात. शर्यत पुढच्या महिन्यात असली तरी कंपनीने सत्कार आताच उरकला होता.

आमोदचं म्हणणं असं, की जिन्याखाली ठेवलेल्या त्याच्या सायकलची हवा रोज रात्रीत कुणीतरी सोडतं. सराव थांबलाय. शर्यत हुकली तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एवढं सांगून त्याने शिऱ्याची दुसरी वाटी मागितली. जग बुडालेल्या माणसाच्या मानाने त्याची भूक चांगली आहे, असं हेमाताईंच्या मनात आलं.

सायकलची किंमत ऐकल्यावर शरच्चंद्र तिला ‘आपण’ म्हणू लागले. पहिला संशय त्यांनी वॉचमन दत्तोबावर घेतला. दत्तोबा रात्रभर शिट्टी वाजवतो. एवढी हवा तो आणतो कुठून? दत्तोबाने छातीकडे बोट दाखवलं. ती झडती अर्थातच शक्य नव्हती. मग समोरच्या शालूच्या घरी वाढदिवसाचे फुगे दिसले. शरच्चंद्रांनी त्यातला एक पुरावा म्हणून मागितला आणि बालवर्गाचा रोष ओढवून घेतला.

शेवटी त्यांनी संध्याकाळी सायकलभोवती रांगोळी पसरली. सकाळी आमोद उठण्याआधी जाऊन पाहिलं, तर हवा गेलेली आणि रांगोळीवर फक्त आमोदच्या चपलांचे ठसे.

“चोराने आमोदच्या चपला घातल्या होत्या,” शरच्चंद्र म्हणाले आणि त्यांनी चपला जप्त केल्या. दुसऱ्या दिवशी ठसे अनवाणी पायांचे होते. चोर आता घाबरलाय, घाईत पायताणसुद्धा विसरतो, असं त्यांनी हेमाताईंना समजावून सांगितलं.

हेमाताईंची सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली होती. गणिताच्या पेपराच्या सकाळी किती पोटं दुखतात, हे त्यांनी पाहिलं होतं. अशा मुलांना त्या कधी ओरडल्या नव्हत्या. कुठलं गणित अडलंय, एवढंच विचारत. त्यांनी आमोदला चहाला बोलावलं.

“अरे, सायकलची हवा गेली, सराव बुडला, हे समजलं,” त्या म्हणाल्या. “पण पोहायचा तलाव दोन गल्ल्यांवर. तिथे तू चालत जातोस. मग पोहणं का थांबलं?”

शरच्चंद्र तलावाच्या पाण्याविषयी काही मांडणार होते. हेमाताईंनी बशी त्यांच्यापुढे सरकवली.

आमोदने कप खाली ठेवला. “काकू, तलावात खाली फरशी दिसते. समुद्रात काहीच दिसत नाही हो.”

“मग भीती वाटते म्हण. सायकलीला कशाला आजारी पाडतोस?”

“ऑफिसात सगळे हसतील.”

“हसतील. मग दमतील आणि थांबतील.”

आमोदने तिथेच मोबाइल काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं: मला समुद्राची भीती वाटते. यंदा मी येत नाही. मग शिक्षेची वाट पाहणाऱ्या मुलासारखा तो मोबाइल पालथा ठेवून बसला.

मोबाइल वाजायला लागला. प्रियदर्शनीचा गुडघा अचानक सुजला होता. सोनूच्या चुलतभावाचं लग्न नेमकं शर्यतीच्याच तारखेला ठरलं होतं. आणि ज्यांच्या हुकमाने हे सगळं सुरू झालं, त्या शंभूसाहेबांना त्याच दिवशी परदेशातून बोलावणं आलं होतं. शुक्रवारचं फोटोसेशन मात्र ठरल्याप्रमाणे होईल, सर्वांनी शर्यतीचे टी-शर्ट घालून यावं, असं त्यांनी खाली जोडलं होतं. हसलं कुणीच नव्हतं. भीती हा शब्दही पुन्हा कुणी लिहिला नव्हता.

“काकू, मग आता पोहणं सोडून देऊ?” आमोदने विचारलं.

“का? तलावात फरशी दिसते ना? उद्यापासून जा.”

एवढ्यात शरच्चंद्रांनी भिंगातून ते सगळे निरोप वाचून काढले. गुडघा, लग्न, परदेश. एकाच टीमवर एकाच दिवशी इतकी संकटं? हा घातपात आहे, असं म्हणत ते टोपी चढवून तडक हिंजवडीला निघाले. वाटेत नेहमीप्रमाणे वाहतूक तुंबली होती, म्हणून गुन्हेगारांना निदान संध्याकाळपर्यंत तरी भीती नव्हती.